भागीरथीबाईंचं सुती लुगडं

सुरतेतल्या आमच्या नवागामच्या खानदेशी गल्लीत भागीरथीबाईंच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही. भाजीवाल्याची तर त्या रोज हजेरी घेतात. नवरा गेल्यावर साड्यांवर खडे चिकटवून त्यांनी एकट्या हाताने मुलगा वाढवला, त्याचं लग्न केलं. पण सून वर्षाशी दोन शब्द गोड बोललेल्या मी भिंतीला भिंत लावून राहूनही कधी ऐकल्या नाहीत.

दिवाळीत वर्षाचं बाळंतपण अवघड झालं. रक्त फार गेलं, पोर अपुऱ्या दिवसांचं. दवाखान्याच्या पायरीवर बसून भागीरथीबाई नवस बोलल्या, माणूस घरी आलं तर होळीच्या निखाऱ्यांवरून चालेन. नातवासाठीच असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो.

होळीला मैदानात लोटूदादांनी निखारे पसरले. दरवर्षी तेच पुढे असतात. लाकडातले खिळे वेचतात, आधी स्वतः चालून बघतात, मग एकेकाला सोडतात. भागीरथीबाई ठेवणीतली हिरवी साडी नेसून आल्या, तर दादांनी हात आडवा केला.

“वहिनी, हाई साडी चालाव नही. ठिणगी पडनी ते अंगले चिटकी जाई. सुती नेसी या.”

देशभर साड्या पाठवणारं आमचं सुरत, आणि गल्लीत एक सुती साडी मिळेना! घरोघरच्या पेट्या उलट्यापालट्या झाल्या, निघालं ते सगळं पॉलिस्टर. तिकडे निखाऱ्यांवर राख धरू लागली. नवस राहिला तर देव दिलेलं परत नेतो, हे भागीरथीबाईंच्या मनात पक्कं. त्यांचा उतरलेला चेहरा बघून मलाच भडभडून आलं.

सुती म्हणावं असं एकच लुगडं होतं, त्यांचं स्वतःचं जुनं. पण त्याची घरात झोळी बांधलेली, आणि झोळीत बाळ झोपलेलं.

“त्याले उठाडू नको,” आम्ही घरी धावत आल्यावर भागीरथीबाई म्हणाल्या.

वर्षाने ऐकलं नाही. बाळ अलगद उचलून माझ्याकडे दिलं आणि गाठी सोडल्या. “त्यानाच नवस शे माय, त्यानंच लुगडं लागी.”

भागीरथीबाई निऱ्या घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “त्याना कोठे? नवस तुन्हासाठे करेल व्हता. तू नही ऱ्हाती ते मी कोनावर वरडती?”

वर्षाने खाली बसून सासूचा काष्टा नीट घट्ट खोचून दिला.

मैदानात परतल्यावर दादांच्या मागोमाग भागीरथीबाई निखाऱ्यांवरून न धावता, सरळ बघत चालल्या. पलीकडे वर्षा बाळाला घेऊन उभी होती. ओल्या मातीत पाय टेकल्यावर दादांनी तळवे पाहिले आणि मान हलवली. सगळं ठीक होतं.

घरी येऊन त्या लुगडं धुवायला निघाल्या. वर्षाने ते हातातून काढून घेतलं आणि तसंच, धुराच्या वासाचं, परत झोळीसाठी बांधलं. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून ओळखीचा आवाज आला, “गाठ ढिली बांधेल शे! अक्कल शे का तुले?”

पाठोपाठ वर्षाचं हसू ऐकू आलं.