काळ्यावर काळा दोरा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच हसलात की मला पुढचं आठवत नाही. आणि एक आधीच बजावून ठेवते. हे सगळं ऐकून "तरी म्हटलं होतं, मशीन घे" असं कुणी म्हणालं, तर त्यानं चहा अर्धा टाकून उठायचं. आमच्या घरी वर्षभर हेच वाक्य चाललंय. मी ऐकलेलं नाही, ऐकणारही नाही!

गेल्या संक्रांतीची गोष्ट. आमच्या मनूचं पहिलं बोरन्हाण होतं. लेक नुकती रांगायला लागलेली, खाली दोन दात, आणि स्वभाव असा की कुणाकडेही जाईल. दूधवाल्याकडे जाते, कासाराकडे जाते. विजेचा मीटर बघायला माणूस आला, त्याच्याकडे दोन्ही हात पसरून गेली! येणारी-जाणारी म्हणतात, "किती गुणी!" मी वरून हसायची आणि मनात म्हणायची, अगं गुणी वगैरे ठीक आहे, पण आईसाठी एकदा तरी रड की गं!

मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं, या वयात मूल आईला चिकटून असतं. माझं चिकटत नव्हतं. मग चूक कुणाची? पुस्तकाची तर नसणार.

त्यातून मनूची सगळ्यात लाडकी कोण? तर तिची आत्या. कुसुमवन्सं, माझ्या थोरल्या नणंदबाई. त्यांना सोलापुरातच दिलेली, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा येणं व्हायचंच. वन्सं दारात दिसल्या की मनू माझ्या कडेवरून अशी झेप घ्यायची, जणू मी एसटीचा थांबा आणि वन्सं म्हणजे गाडी!

या वन्संकडे पायमशीन. सगळ्या गल्लीची पोलकी त्या शिवून देतात. मशीनवर बसल्या की घर हादरतं आणि त्या मात्र निवांत बोलत असतात. बोरन्हाणाचा विषय निघाला आणि त्या म्हणाल्या, "कापड दे पाठवून. संध्याकाळपर्यंत झबलं तयार."

"नको वन्सं. मी हातानं शिवणार आहे."

"हातानं? अगं, रांगती पोर ती! एकदा गुडघ्याखाली आलं की टर्रकन उसवेल. हाताचा टाका तो, कितीसा धरणार?"

"ओढून बघा की मग!" मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं हो!

"सगळ्यांसमोर ओढीन हं," वन्सं हसत म्हणाल्या.

"बायांनो, बोरन्हाण आहे," सासूबाई तीळ निवडता निवडता म्हणाल्या. "रस्सीखेच नव्हे."

झालं! आता माघार नाही.

नव्या पेठेतून काळं पॉपलीन आणलं, काळी रिळं आणली आणि बसले. तुम्हाला खरं सांगू? मनू झाल्यापासून इतकी सुखात मी नव्हते. मशीन धावतं आणि बाई त्याच्यामागे धावते. सुईचं तसं नाही. सुई आपल्याबरोबर चालते. कुकर उतरवून आलं, टाका तिथंच वाट बघत असतो. मनू उठली, सुई कापडात खोचली, तिला दूध पाजलं, पुन्हा सुई उचलली. कुणाला काही तक्रार नाही. आणि माझ्यासारख्या काळजीखोर बाईला तर ते औषधच. हिला सर्दी होईल का, हिचं वजन कमी आहे का, मला हे सगळं जमतंय का, असल्या विचारांची रांग लागलेली असायची. दोरा कापडातून सर्रकन ओढला की त्यातला एकेक विचार गुमान पलीकडे जायचा.

शिवण मी आतून दुमडून पुन्हा हातानं दाबून शिवली, म्हणजे पोरीला टोचायला नको. शिवून झाली की स्वतःच्या गालावर घासून बघायची. टोचतंय? नाही. पुन्हा घासून बघायची. सासूबाईंनी ते पाहिलं आणि ह्यांना हळूच विचारलं, "बरी आहे ना रे ही?"

पाठीवर तीन काजं केली. काज हातानंच करावं! दोऱ्याला दोरा लागून अशी कड उभी राहते की बोट फिरवलं तर मुंग्यांची रांग लागावी. झबलं उलटं करून टांगलं असतं तरी कुणाला आतली बाजू कुठली ते कळलं नसतं. मी माझीच तारीफ करतेय? करतेय. पुढं माझं काय झालं ते ऐकल्यावर तुम्हीच म्हणाल, करू दे बिचारीला.

राहिली होती फक्त खालची दुमड. ती मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण मनू वाढत होती आणि मी रोज नव्यानं माप घेत होते. होता होता बोरन्हाणाचा दिवस उजाडला! दुपारी सगळं आवरलं. मी नेसले चंद्रकळा, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला बार्शीहून आईनं आणलेली, काळीभोर. मनूला झबलं घातलं, मांडीवर घेतलं, उंची बघितली, पुढची दुमड टाचली, आणि बाईसाहेब गाढ झोपल्या.

आता? झबलं काढावं तर जागी होणार. जागी झाली तर चिरचिरी होणार. चिरचिरी झाली तर सगळ्यांसमोर भोकाड, आणि त्या भोकाडाला उतारा कोण? आत्या! छे, छे. मी ठरवलं, अंगावरच शिवायचं.

"अंगावरचं शिवू नये गं!" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "शिवायचंच असेल तर तिच्या तोंडात काडी तरी धर."

"झोपेत गिळेल ती!"

"मग तुझ्या तोंडात धर."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी काडी धुऊन घेतली आणि दातांत धरली. पदवीधर असले म्हणून काय झालं, उगीच धोका कशाला?

पुढची बाजू बघून शिवली. मागची बाजू मनूच्या खाली. ती चाचपून शिवली. काळं झबलं, काळा दोरा, खाली काळी चंद्रकळा. खिडकीतून ऊन गेलेलं. पण मला काय त्याचं? मी डोळे मिटूनसुद्धा शिवीन! वन्सं ओढणार आहेत ना? म्हणून दर चार टाक्यांनी एक उलटा टाका घातला. गाठ मारली, दोरा दातानं तोडला, काडी थुंकले, आणि दारात वन्सं.

हातात पुडा. "तयार काळा फ्रॉक आणलाय गं, चंदेरी लेस लावलेला. असू दे हाताशी. ऐनवेळी उसवलं-बिसवलं तर..."

मी पुड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाठोपाठ गल्लीतल्या बायका आल्या. पोरंटोरं आली. शेजारच्या नीलव्वाअक्का आल्या. अक्का अक्कलकोटकडच्या, अंगानं दणकट, आवाजानं त्याहून. त्या गलक्यानं मनू जागी झाली, आत्याला बघितलं, दोन दात दाखवले आणि हात पसरले. झालं, सुटली माझी गाडी!

वन्संनी तिला काखेत धरून उचललं. वीतभर वर आली... आणि थांबली. मनूनं "आं?" केलं आणि धपकन पुन्हा माझ्या मांडीत.

"अगंबाई," वन्सं म्हणाल्या. पुन्हा उचललं. पुन्हा मांडीत.

"आईला सोडंना की पोरगी!" अक्का ओरडल्या. "बगा, बगा, लई जीव हाय!"

माझ्या छातीत काय झालं ते कसं सांगू? इतके महिने ज्याची वाट बघितली ते आज, सगळ्यांसमोर, वन्संच्या हातून! डोळे भरून आले. आणि डोळे भरले की माझं तोंड सुटतं.

"वन्सं," मी म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. हातानं शिवलेल्या झबल्यात आईची ऊब असते. लेकराला ती कळते. मशीनला कुठून येणार ती?"

वन्सं चक्क दोन पावलं मागं सरल्या! सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. पुस्तक बरोबर होतं, मी बरोबर होते, सगळं जग बरोबर होतं.

"मी बगू का?" म्हणत अक्का पुढं आल्या. अक्का म्हणजे पाण्यानं भरलेला पितळी हंडा एका हातानं उचलणारी बाई. त्यांनी मनूला धरलं आणि हिसका दिला. मनू वर, झबलं ताठ, आणि त्याच्यामागोमाग माझी चंद्रकळा! कमरेच्या निऱ्यांनी जागा सोडली. मी कशीबशी पोरीला खाली ओढलं, झबल्याखाली हात घातला आणि बोटांना लागले माझेच टाके. बारीक, एकसारखे, दर चारांमागे एक उलटा. झबल्यातून साडीत, साडीतून झबल्यात.

अहो, मी माझी पोर स्वतःला शिवून टाकली होती!

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? "चुकलं" म्हटलं असतं. पण अर्ध्या मिनिटापूर्वी उबेवर भाषण कुणी दिलं होतं? मी निऱ्या मुठीत गच्च धरल्या आणि जाहीर केलं, "आज मनू पाटावर बसणार नाही. माझ्या मांडीवरच बोरन्हाण करा."

केलं. बोरं, चिरमुरे, हरभरे, उसाचे करवे, बत्तासे, सगळं मनूबरोबर माझ्याही डोक्यावर. करवा कपाळावर बसला की काय होतं ते विचारू नका. लुटायला पोरं तुटून पडली, त्यातली दोन माझ्या पदरात शिरली. एक बोर पोलक्यात गेलं, ते आत्ताच काय ते सांगतेय.

"ऊठ गं, बायकांना हळदीकुंकू लाव," सासूबाई म्हणाल्या.

"इथूनच लावते."

"इथून? अगं, मोठ्या बायका आहेत त्या!"

मोठमोठ्या बायका माझ्यापुढं ओणव्या झाल्या आणि मी बसल्या जागेवरून देवीसारखी कुंकू लावत राहिले. मागं कुजबुज. "लईच तोरा हाय." "शिकलेली हाय की बाई, न्हाय उठायची."

"वाण तरी उठून दे!"

"पायाला मुंग्या आल्यात."

"दूध आणतेस का मनूचं?"

"नको. तिला भूक नाही."

मनू माझी बोटं चावत होती.

अक्का बराच वेळ माझ्याकडे एकटक बघत होत्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "उठंना, जागची हलंना, पोटापाशी साडी मुठीत धरलीया..." त्या सासूबाईंच्या कानात बोलल्या. म्हणजे त्यांच्या मते कानात. "दुसरं हाय वाटतं सूनबाईला!"

आणि याच वेळी हे कचेरीतून आले. चप्पल काढतायत तोवर अक्का दारात. "साहेब, पेढे कवा?"

"कसले पेढे?"

"आता काय लाजता! व्हय की न्हाय, तेवढं सांगा!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. डोक्यातलं एक बोर खाली पडलं. सासूबाई "देवा, पहिलीला वर्ष नाही" म्हणत भिंतीला टेकल्या. वन्सं बोटांवर महिने मोजू लागल्या. आता मात्र माझा धीर सुटला.

"काही नाही हो! शिवलीय! मी हिला माझ्या साडीला शिवलीय!"

क्षणभर कुणाला कळेना. मग वन्सं खाली वाकल्या, झबल्याची कड उचलून बघितली, आणि त्यांच्या तोंडून जे हसू फुटलं ते पुढच्या गल्लीत ऐकू गेलं असेल. अक्का हसून हसून दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. "अय्य शिवा! आईला सोडंना म्हणं!"

"तरी काडी धरली होती तिनं!" सासूबाई हताशपणे म्हणाल्या.

"कात्री आणा रे," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या. "कापून मोकळं करू. फ्रॉक आहेच माझ्याकडं."

काय झालं कोण जाणे, मी ताठ झाले. केसांत चिरमुरे, निऱ्या सुटलेल्या, कपाळावर करव्याचं टेंगूळ. पण ताठ!

"कात्रीला हात लावायचा नाही," मी म्हणाले. "चुकून शिवलं असेल, वाईट शिवलेलं नाही. हा टाका मी घातलाय, मीच काढीन. आणि वन्सं, ओढून बघणार होता ना सगळ्यांसमोर? बघितलंत! दोनदा तुम्ही ओढलंत, एकदा अक्कांनी. उसवला का एक तरी टाका?"

हसू थांबलं. वन्संनी पुन्हा वाकून बघितलं. एका टाक्याखाली नख घालून उचकटायचा प्रयत्न केला. नख तुटलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "नाही उसवला." आणि पुडा त्यांनी आपल्या पिशवीत घातला. घातला! सगळ्यांच्या देखत!

मग मी सुईच्या टोकानं एकेक टाका उचलत बसले. सगळ्या बायका भोवती चहा घेत बघत होत्या. साडीला एक भोक नाही, झबल्याला ओरखडा नाही. शेवटची गाठ सुटली. मनू मोकळी झाली. मी हात पसरले, म्हटलं, आता बघा.

मनूनं माझ्याकडे एकदासुद्धा न बघता गुडघे टेकले आणि चिरमुरे चिरडत, तुरुतुरु, थेट आत्याच्या मांडीवर!

म्हणून सांगते, कुणी काहीही म्हणो, शिवण हातानंच करावी. मशीनच्या टिपेवर माझी लेक माझ्याजवळ तासभर टिकली असती का?