मॅडमची गार तार आणि माझं नाक

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, मगच सांगतो. माझ्या नाकानं माझी अशी फजिती केली ना... छे, नाकाला कशाला दोष? गाढवपणा माझाच!

रविवारी ब्राह्मणपुरीला मुलगी बघायला जायचं होतं. आधीच्या दोन्ही ठिकाणी सगळं घर माझ्याशी न बोलता माझ्या नाकावरच्या चामखिळीशीच बोलत बसलं आणि नकार आला. आता ती चामखीळ घालवायचीच! शुक्रवारी सकाळी पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानावर, वाळत घातलेल्या मिरचीचा माल तपासला आणि तसाच नंदुरबारच्या एका स्किनच्या दवाखान्यात शिरलो.

डॉक्टर मॅडमनी इंजेक्शन देऊन नाक बधिर केलं. हातातल्या यंत्राची बारीक तार दाखवत म्हणाल्या, "रेडिओलहरींनी काढू. ही तार स्वतः तापत नाही. लहरी आत शिरल्या की पेशींतल्या पाण्याचीच वाफ होते आणि तेवढाच भाग कापला जातो. लहरींची वारंवारता फार जास्त असते, हातही मी झरझर फिरवते, म्हणून आजूबाजूची कातडी भाजत नाही."

मी पडलो व्यापारी माणूस. वाफ होते, आणि शेजारी तापत नाही? कोणाला सांगता! चामखीळ निघाली, मॅडम मलम घ्यायला वळल्या, आणि मी हळूच जखमेच्या कडेला बोट दाबून बघितलं. गारच की हो! मलाच लाज वाटली.

बसस्टँडवर पोचलो आणि बधिरपणा उतरला. अरे देवा! नाकावर निखारा! डोळ्यांतून धारा! तसाच पळत माघारी गेलो आणि भरल्या दवाखान्यात आमच्या अहिराणीत बोंब ठोकली, "मॅडम, तार गार ऱ्हास म्हने! मन्हं नाक जळी ऱ्हायनं! रविवारले पोर देखाले जानं शे मले!"

बाकावरच्या एक मावशी घाईघाईनं चपला घालू लागल्या.

मॅडम मात्र शांत. "जखमेला हात लावलात?"

"जरासा. गरम शे का, ते देखाले."

"दाखवा ते बोट." त्यांनी बोटाचा वास घेतला आणि ज्या शिंकायला लागल्या, त्या थांबेचनात! "अहो, मी केसभरसुद्धा उष्णता पसरू दिली नाही, आणि तुम्ही वरून मिरची चोळलीत?"

सकाळभर मिरच्या फोडून आतलं बी बघत होतो, आणि हात धुवायचा राहिला होता! मॅडमनी नाक धुऊन, मलम लावून घरी पाठवलं.

रविवारी नाक लालभडक आणि टम्म सुजलेलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पाव्हना, धंदा काय शे तुमना?"

मी तोंड उघडायच्या आत चहाचा ट्रे घेऊन आलेली मुलगीच म्हणाली, "मिरचीना, बाबा! नाकवर लाल नमुना लिसन येल शेतस ना!"