दिव्यांचा बोर्ड

"काहून थांबला गा? लाव ना अंगठा." मोठ्या बाबूंनी माझा डावा अंगठा धरला आणि शाईच्या पॅडवर दाबला. शाई थंड होती.

मी बी.ए. होतो. घरातला पहिलाच. नागपुरातल्या त्या ऑफिसात चार वर्षं टेलिफोन ऑपरेटर होतो. जन्मापासून मला दिसत नाही.

"बाबूजी, मी सही करतो."

"कुठं करशील, टेबलावर?"

दोघं-तिघं हसले.

"कागदात काय आहे?"

"तुह्या भल्याचंच आहे."

भलं महिन्यापूर्वी सुरू झालं होतं. जुन्या बोर्डावर प्रत्येक लाइनला पत्र्याची एक पाती होती. फोन आला की पाती पडायची. टक. कोणती पडली ते बोटाला कळायचं. दर सोमवारी साहेबांची फोनवरची बैठक मीच जोडायचो. उमरेड, भिवापूर, नागपूर, तिन्ही ऑफिसं एका लाइनवर. चार वर्षांत एकदाही चुकलो नाही.

मग नवा बोर्ड आला. पाती नाही, दिवे. पहिल्याच सोमवारी दिवे लागले म्हणे. मी कानाला हेडफोन लावून बोटं फिरवत होतो. सगळी काच सारखीच गुळगुळीत. आतून साहेब ओरडले, "झोपला का तो आंधळा?"

बोर्ड बसवणाऱ्या मेकॅनिकला मी विचारलं होतं. तो म्हणाला, "दिव्याच्या बाजूले पाती लावता येते ना भाऊ. पन मले कोनी सांगितलंच नाही."

मला तर कोणी विचारलंही नव्हतं.

माझा बाप उमरेडचा विणकर. सांगतील तिथं अंगठा लावायचा. कागद त्याला कधी कोणी वाचून दाखवला नाही. मला अंधशाळेत सोडताना म्हणाला, "माह्यावानी अंगठा नोको लावू बापू." शाळेतल्या गुरुजींनी पुठ्ठ्याला खाच पाडून दिली. त्या खाचेत पेन धरून मी माझं नाव शेकडो वेळा लिहिलं, तेव्हा कुठे सही आली. त्या गुरुजींचे उपकार मी विसरणार नाही. पुठ्ठा आजही माझ्या खिशात असतो.

मी हात ओढून घेतला.

"आधी वाचा. मोठ्यानं."

बाबू पॅडच पुढे सरकवत राहिले. शेवटी टायपिस्ट बाईंनी कागद उचलला. "अंधत्वामुळे मला ऑपरेटरचे काम जमत नाही. तरी मला ऑफिसच्या वेताच्या खुर्च्या विणण्याच्या कामावर घ्यावे, असा मी स्वखुशीने अर्ज करतो." 'स्वखुशीने' म्हणताना बाईंचा आवाज अडखळला.

मी अंगठा शर्टाला पुसला. पिशवीतून ब्रेलची पाटी काढली आणि उभ्याउभ्याच अर्ज टोचला. कागद बाबूंपुढे धरला.

त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "हा त कोराच आहे!"

"कोरा नाही, बाबूजी. तुम्हाला वाचता येत नाही."



मग मीच त्यात काय आहे ते सांगितलं. "काम मला जमतं. बोर्डाला पाती लावा. या अर्जावर आवक नंबर टाका."

"याले कायचा नंबर देऊ?"

नंबर दिला नाही. दुसऱ्या दिवशी बोर्डावर दुसरा माणूस बसला. मला दारापाशी एक स्टूल मिळालं.

त्या स्टुलावर मी एकदाही बसलेलो नाही. रोज सकाळी एक नवा अर्ज टोचतो आणि नंबर मागत टेबलापाशी उभा राहतो. त्यांच्या टेबलावर आता गठ्ठा झाला आहे. तो वाचणारा माणूस त्यांनी शोधावा. पाती लागेपर्यंत मी हलणार नाही. आणि माझा अंगठा त्यांना मिळणार नाही.