पंधरा कवेलूंचा डोंगर

बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर माझे साडू खुर्चीत बसले आणि पुन्हा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली नस फुटली. छाती आणि पाय मात्र ठणठणीत होते, महिन्यापूर्वीच त्यांनी ते तपासले होते. साडूंनी हे ऐकलं असतं तर डॉक्टरांकडून ते सही-शिक्क्यासकट लिहून घेतलं असतं. कारण आमच्या एकोडीच्या बाजूला, जिथं उंच म्हणून दाखवायला तलावाची पाळ आणि पाण्याची टाकी एवढंच आहे, तिथं राहून परदेशातला डोंगर चढायची इतकी कडक तयारी करणारा दुसरा माणूस झालेला नाही, आणि होईल असं मला वाटत नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोघी बहिणी दोन वर्षांच्या अंतरानं गेल्या. ज्यांच्यामुळे आमचं नातं होतं त्याच राहिल्या नाहीत, मग आता आपण एकमेकांचे कोण, असा प्रश्न मला अधूनमधून पडे. मी शाळेत ग्रंथपाल होतो. असले प्रश्न पाडून घ्यायची सवय होती. साडू धानाची शेती करणारे, त्यांना तो कधी पडला नाही. ते सकाळी सहाला फाटक वाजवत आणि म्हणत, "साडभाऊ, चाय मांडा." मी मांडत असे. घरात उंदीर झाले तर ते पिंजरा लावत आणि सापडलेला उंदीर तलावापलीकडे नेऊन सोडत. "त्याचंबी घरदार असन," म्हणत. तोच उंदीर संध्याकाळी त्यांच्या आधी घरी परतलेला असे, असा माझा संशय होता. तर असा हा माणूस शिकारीला निघाला होता.

त्यांचा एकुलता मुलगा न्यूझीलंडला इंजिनिअर आहे. आईच्या वेळी तो पोहोचू शकला नाही. महिन्याभरानं आला तेव्हा बाप-लेकांत दोन-चार शब्द असे झाले की त्यानंतर सणावाराला निरोप तेवढे येत. तिकडे डोंगरात जंगली बकरे आहेत, कोणे एके काळी हिमालयातून नेऊन सोडलेले. ते झाडोरा खाऊन संपवतात म्हणून मारायची परवानगी असते, आणि मुलगा दरवर्षी मित्रांबरोबर जातो. त्याचे फोटो पाहून साडूंनी मला निरोप लिहायला लावला, 'मीही येतो तुझ्याबरोबर.' तीन दिवसांनी उत्तर आलं. मी ते मोठ्यानं वाचलं: 'पंधरा किलो पाठीवर घेऊन सहा तास चालता आलं पाहिजे. जमलं तर या.' त्यातला शेवटचा शब्दच साडूंनी ऐकला.

"अहो, तुम्ही उंदीर मारत नाही, बकरा काय माराल?" मी म्हणालो.

"मले कायले मारा लागते? बंदूक पोरगा चालवन. मी त्याचं सामान धरीन." मग बशीतला चहा संपवून म्हणाले, "आठ दिवस पहाडात संग रायलो, तं बोलन नाई का माह्यासंग? पहाडातून पळून कुठं जाते तो?"

दुसऱ्या दिवशी तयारी सुरू झाली. तेव्हा उन्हाळा सरत होता. पहिलं ओझं म्हणून त्यांनी पाठपिशवीत पाच किलो धान भरलं, तेही पेरणीसाठी राखलेलं निवडक बियाणं. चांगल्या कामाला हलका माल कसा न्यायचा, हा त्यांचा हिशेब. तलावाची पाळ चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. मी वर आंब्याखाली पुस्तक आणि घड्याळ घेऊन बसत असे. तिसऱ्या दिवशी गवतावरून पाय सरकला आणि ते पिशवीसकट पाण्यात गेले. बाहेर आले, पिशवी खोलीत खुंटीला अडकवली आणि गुडघा सुजल्यामुळे तीन दिवस पडून राहिले. चौथ्या दिवशी पिशवी पाठीला लावली तर ती गरम. आत सगळ्या बियाण्याला पांढरे कोंब. इकडे परे, म्हणजे धानाची रोपवाटिका, टाकण्याआधी लोक बी भिजवून पोत्यात दाबून ठेवतात, ते साडूंनी आयुष्यभर केलं होतं. पण स्वतःच्या खुंटीवर तेच चाललं आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी हसलो. ते हसले नाहीत. "साडभाऊ, पाठीवर पीक येऊन राहिलं," असं गंभीरपणे म्हणाले आणि व्यायाम सोडून शेताच्या बांधीत परे टाकायला गेले.

त्यानंतर वजनासाठी त्यांनी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, निवडले. किराणा दुकानाच्या काट्यावर एकेक तोलून, किलोला एक कवेलू असं गणित बसवलं आणि दर पंधरा दिवसांनी गोठ्याच्या छपरावरचं एक काढून पिशवीत टाकू लागले. पावसाळा पुढे सरकत गेला तसं गोठ्यात आभाळ दिसू लागलं आणि गाय कोपरा बदलत राहिली. कवेलू पावसात भिजले की जड होतात, म्हणजे आपण ठरल्या वजनाच्या वर जात आहोत, ही त्यांना लबाडी वाटे. मग ते चुलीजवळ वाळवत. चालताना पाठीवर खडखडाट होई. थंडीची सवय व्हावी म्हणून मासे विकणाऱ्या बाईकडून त्यांनी बर्फ आणला आणि रोज पाय त्यात बुडवून बसू लागले. परिणाम असा झाला की गावातली मांजरं पाळीवर त्यांच्या मागे रांगेनं चढू लागली.

गावाला खरं कारण ठाऊक नव्हतं. हा काहीतरी कडक नवस आहे असं ठरलं होतं. धुणं घेऊन आलेल्या एका म्हातारीनं एकदा हात जोडून विचारलं, "कोनता नवस बोलला जी?"

"पोराचा," साडू म्हणाले आणि थांबले नाहीत.

पौषात परीक्षा झाली. सातव्या महिन्यात, पंधरा कवेलू, सहा तास. मी घड्याळ धरलं. चौथ्या तासाला त्यांचा चेहरा काळवंडला. मी म्हणालो, "पुरे करा. त्याला काय कळणार आहे?" ते म्हणाले, "मले कळन ना." सहा तास भरले तेव्हा ते खाली बसले नाहीत; उभ्यानंच म्हणाले, "लिवा. पास." मी लिहिलं. मुलानं निरोप पाहिल्याची खूण त्याच दिवशी उमटली. उत्तर आलं नाही. साडू चार दिवस फोन खिशात न ठेवता हातात धरून हिंडले. पाचव्या दिवशी बुधवार होता.

मुलगा विमानानं आला, पण अग्नी द्यायला उशीरच झाला होता. तेरवीच्या संध्याकाळी तो माझ्याबरोबर पाळीवर आला. उतारावर गवत झिजून लाल मातीची पट्टी पडलेली होती. त्यानं विचारलं, ही कसली वाट. मी सांगितलं.

"मावसाजी, तिथं वरपर्यंत गाडी जाते," तो म्हणाला. "पंधरा किलोचं मी मनानंच लिहिलं होतं. वाटलं, ते स्वतःच नाही म्हणतील. आठ दिवस त्यांच्याशी काय बोलायचं, मला सुचत नव्हतं."

"आणि पास झाल्याचा निरोप?"

"रोज उघडायचो. काही लिहायचो. पुसायचो."

मला त्याच्यावर रागावायचं होतं. सात महिने घड्याळ धरून बसलेल्या माणसाचा तेवढा हक्क होता. पण लहानपणी बाप रागावला की जशी मान खाली घालून बसायचा तशीच तो घालून उभा होता. मी एवढंच म्हणालो, "तुझी आई गेल्यापासून ते इतके खुशीत मला दिसले नव्हते." हे त्याला धीर द्यायला म्हटलं नव्हतं. ते खरं होतं.

"सांगा ना," तो म्हणाला. "काय काय केलं त्यांनी?"

तो परत गेला. आता साडूंच्या घराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे, गाय माझ्या अंगणात आहे. सकाळी सहाला फाटक वाजत नाही. चहा मी एकट्यापुरता मांडतो. मुलगा फोन करतो आणि मी त्याला त्या सात महिन्यांतला एकेक दिवस सांगतो. दोन महिन्यांचं सांगून झालं आहे. पाच उरले आहेत.