ओठ मिटणारी पाच अक्षरं

मृत्यू माणसाला कायमचा गप्प करतो. हे वाक्य मी शोकसभांत आणि दिवाळी अंकांत इतक्या वेळा वापरलंय की आता त्याच्यावर माझा हक्क लागायला हरकत नाही. ते साफ खोटं आहे. माझी बायको वृंदा मार्चमध्ये गेली आणि तेव्हापासून रोज दुपारी बोलते. आज तर सकाळपासून बोलते आहे, कारण आज सर्वपित्री अमावस्या आहे.

यात अध्यात्म वगैरे काही नाही. पितृपक्षात कोणी नवीन काही सुरू करत नाही. लग्न नाही, दुकान नाही, तशी मालिकाही नाही. त्यामुळे वाहिन्या हे दिवस जुन्यावर काढतात. आज शेवटचा दिवस म्हणून आमच्या वाहिनीने 'हास्याचा महाप्रसाद' ठेवलाय: दिवसभर जुनी विनोदी नाटुकली, जुने विनोदी कार्यक्रम, आणि मधे मधे भरपूर 'खटपटे कुटुंब'.

'खटपटे कुटुंब' हे परदेशी कार्टून. मंडळी मूळची कुठली, ते आता त्यांनाही सांगता येणार नाही, कारण त्यांना मराठी मी केलं. त्यांच्या पॅनकेकची धिरडी केली, त्यांच्या रविवारच्या प्रार्थनेचा सत्यनारायण केला, मागे चर्चचा मनोरा स्वच्छ दिसत असताना. संवाद माझे, आणि धाकट्या टिल्लूचा आवाज वृंदाचा. म्हणजे माझी बायको सोळा वर्षं आठ वर्षांची होती, आणि मुलगा होती. तो अजून आठच वर्षांचा आहे. आत्ता तो फ्रीजमध्ये लपलाय आणि आई त्याला घरभर शोधते आहे. न दिसणारे लोक खो खो हसतात.

मी सोफ्यावर आडवा आहे. मेहुणी शैलाने वृंदाच्या नावाने डबा पाठवला होता: वडे, खीर, अळूचं फदफदं. तिच्या नावाने कोणीतरी जेवायला हवं, म्हणून मी जेवलो. खीर खाली उतरते तशी झोप वर चढते. पण झोप म्हणजे ओठ, आणि ओठांची मला धास्ती आहे.

ते सांगून टाकतो. डबिंगमध्ये पहिला धडा ओठांचा असतो. प, फ, ब, भ, म. ही पाच अक्षरं म्हणताना ओठ मिटतात. शाळेत 'ओष्ठ्य' म्हणून घोकली होती, तीच. पडद्यावरच्या पात्राने ओठ मिटले की तिथे या पाचांतलं एक आणून बसवायचं, नाहीतर तोंड एक सांगतं आणि आवाज भलतंच. मूळ वाक्य काय होतं याच्याशी कोणाला कर्तव्य नसतं. बसलं पाहिजे, बस्स.

वृंदा गेली त्या दुपारी तिचा आवाज आधीच गेलेला होता. ऑक्सिजनच्या मास्कमधून ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मास्क पारदर्शक होता. ओठ मिटले. मोठा 'आ' झाला. पुन्हा मिटले. जरासे उघडले. मी मान हलवत "हो, हो" म्हणालो. ती एवढंच बोलली, आणि संध्याकाळपर्यंत संपलं.

त्या ओठांवर मी तेव्हापासून संवाद लिहितोय. 'मला पटलं' बसतं. चपखल बसतं. पण अख्ख्या संसारात ती हे कधी म्हणाली नाही, आणि शेवटी म्हणावं असं मी काही केलेलं नव्हतं. 'मला माफ कर'मध्ये 'आ' एक जास्त होतो, शिवाय माफी मागण्याची पद्धत तिच्याकडे नव्हती. 'मकरंद' हे माझं नाव. त्यात ओठ एकदाच मिटतात. म्हणजे हाकही नव्हती. उरतं एकच. 'मला भीती'. पुढचं 'वाटते' म्हणायला दम पुरला नसणार. हे बसतं. मी आरशासमोर म्हणून पाहिलंय, लिफ्टमध्ये म्हणून पाहिलंय. लिफ्टमधल्या बाई आपल्या मजल्याच्या आधीच उतरल्या. ती घाबरली होती, मला सांगत होती, आणि मी समोर बसून "हो, हो" म्हणत होतो, हे जर खरं असेल तर पुढे कसं राहायचं ते मला कळत नाही. विनोद करत नाही. खरंच कळत नाही.

फ्रीजचं दार उघडतं. टिल्लू बाहेर येतो. माझे डोळे मिटतात.

"अळू शैलाने केलंय ना?"

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला वृंदा पाय वर घेऊन बसली आहे. डोक्यावर केस आहेत. डब्याचं झाकण उघडून आत बोट घालते आहे. आवाज टिल्लूचा.

"हो," मी म्हणतो.

"चिंच जास्त झालीय. जिवंत असताना सांगून थकले तिला."

टीव्हीतले लोक हसतात. टीव्ही मात्र काळा आहे.

"वृंदा, तुझ्या आवाजात बोल ना."

"सध्या हाच चालू आहे. दुसरा दुरुस्तीला गेलाय."

पुन्हा हशा. हसणारे बहुधा सोफ्यामागे आहेत. मी वळून बघत नाही; वळलो तर ती उठून जाईल अशी मला खात्री आहे.

"त्या दिवशी मला काय म्हणालीस?"

"कुठल्या दिवशी?"

"शेवटच्या."

ती हेडफोन कानाला लावते. आमच्यामध्ये स्टुडिओची जाड काच आहे. ती पलीकडे माइकपुढे उभी, मी अलीकडे, हातात संवादाचे कागद. कागद कोरे आहेत.

"लाइन सांग," ती माइकमधून म्हणते.

"तूच सांगायची आहेस."

"लेखक कोण? तू की मी?"

"वृंदा, प्लीज."

"'प्लीज' नाही बसत. ओठ एकदाच मिटतात. दोनदा हवेत."

"मला पटलं?"

ती माइकला धरून हसते. टिल्लूचं ते किरकिरं, नाकातलं हसणं. "मेल्यावरसुद्धा आशा सोडत नाहीस रे!"

"मेलो मी नाही. तू."

"तेच ते. बोल पुढे, स्टुडिओ रिकामा करायचाय."

मला ते म्हणायचं नाही. मी म्हणतो. "मला भीती?"

ती हसायची थांबते. काचेपलीकडे तिचे ओठ हलतात: मिटतात, 'आ', मिटतात. हेडफोनमध्ये काही येत नाही. मी काचेवर थाप मारतो. आवाज वाढव, मी ओरडतो, कोणीतरी आवाज वाढवा, पण यंत्रामागच्या खुर्चीत कोणी नाही. मी दोन्ही हातांनी थापा मारतो. हाताला चारच बोटं आहेत. बोटांना जाड काळी किनार आहे. काच नव्हेच ती, खटपट्यांच्या स्वयंपाकघरातला फ्रीज आहे, आणि आतून कोणीतरी वाजवतंय.

"टिल्लू लपलाय, दार उघडू नका," खटपटेबाई म्हणतात. त्या धिरडं उलटताहेत. हे वाक्य मीच लिहिलेलं आहे, आणि वाईट लिहिलेलं आहे.

मी दार ओढतो. आत हॉस्पिटलची खोली आहे. पडदे ओढलेले, कॉट, सलाइनचा स्टँड, वृंदा. तोंडावर मास्क. चादर हनुवटीपर्यंत. मी स्टुलावर बसतो. स्टूल कार्टूनमधलं आहे, ते कुरकुरत नाही.

"आता सांग. इथे कोणी नाहीये."

सोफ्यामागचे लोक हसतात.

"अरे, गप्प बसा!" मी ओरडतो. ते आणखी हसतात. त्यांना हा संवाद आवडला. "वृंदा, मी सगळं बसवून पाहिलंय. तूच काय ते सांग. काहीही असू दे. भीती असेल तर भीती सांग. पण मला आता नवीन लिहिता येत नाही."

ती मास्क एका हाताने बाजूला करते, पदर सारावा तसा. ओठ मिटतात.

"पंखा बंद कर."

हा तिचा आवाज. टिल्लूचा नव्हे. जरा बसका, वैतागलेला, बाथरूममधून टॉवेल मागण्याचा. हा आवाज मी विसरलो होतो, हे मला आत्ता कळतं. पंखा, बंद. प. आ. ब. बसतं. अगदी अक्षराला अक्षर बसतं. मागे कोणी हसत नाही.

"पंखा?"

"पंखा. डोक्यावर गरगरत होता. थंडीने माझी हाडं वाजत होती, आणि तू फुल्ल करून ठेवला होतास."

"मला वाटलं, तुला हवा हवी असेल."

"हवा नळीने येत होती की! तोंडाला बांधलेली काय होती मग, फुलांची माळ?"

"एवढंच म्हणालीस?"

"मग काय म्हणायला हवं होतं? तू काय तयारीत बसला होतास, वही-पेन घेऊन?"

"म्हणजे भीती नव्हती?"

ती छताकडे बघते. विचार करते. हा विचार ती खरोखर करते आहे, चेहऱ्यावरून कळतं.

"होती," ती म्हणते. "पण थंडी जास्त होती."

मी तिचा हात धरतो. खूप गार आहे.

"आणि भीती होती ती तुला कशाला सांगेन? तू आधीच इतका घाबरला होतास की सिस्टरने पाणी तुला दिलं. एकच वाक्य जमणार होतं रे. म्हटलं, कामाचं बोलावं."

"मी 'हो, हो' म्हणालो."

"आणि केला नाहीस. हे काही नवीन नव्हतं." ती चादर आणखी वर ओढते. दात वाजताहेत. "आता तरी कर."

मी उठतो. दाराशेजारी बटणांचा बोर्ड आहे. आपल्याकडे कुठल्याही खोलीत ढीगभर बटणं असतात आणि पंख्याचं कुठलं ते त्या खोलीत राहणाऱ्यालाही माहीत नसतं. मी एक दाबतो. ट्यूब जाते. दुसरं दाबतो. खटपट्यांचं स्वयंपाकघर विझतं, बाईंच्या हातातल्या धिरड्यासकट. आणखी एक. सोफ्यामागचे लोक एकदम संपतात, खोकलासुद्धा उरत नाही. पंखा फिरतोच आहे. अंधारात त्याची घरघर ऐकू येते, आणि तिचे दात.

"लवकर, मकरंद."

दोनच बटणं राहिली आहेत. मी एकावर बोट ठेवतो. एक पंख्याचं असणार. दुसरं कशाचं, ते मला कळतं. या खोलीत चालू असलेलं दुसरं काही आता उरलेलं नाही.

"वृंदा, कुठलं?"

"अरे, दाब ना! बोलूनही थकायला होतं."

"चुकीचं दाबलं तर?"

"मग कार्यक्रम संपेल. पुन्हा लागतोच."

मी तसाच उभा. तिला थंडी वाजते आहे आणि मला बटण दाबवत नाही. बंद केला नाही तर ती काकडत राहणार, दाबलं तर कदाचित तीच बंद होणार. मला दोन्ही नको आहे. मला इथेच उभं राहायचं आहे, बोर्डाशी, ती मागून वैतागत असताना, जन्मभर.

"मक्या," ती म्हणते. हलकेच. हे नाव तिच्याशिवाय कोणालाही माहीत नाही. "कर बंद."

मी डोळे मिटून दाबतो.

टिल्लू फ्रीजमधून बाहेर पडून धिरडं खातो आहे. टीव्ही लागलेलाच आहे, जाहिरात येते, जाते. दुपार अजून पुरती कललेली नाही. मी सोफ्यावर घामाने चिंब भिजलोय. बनियन पाठीला, पाठ सोफ्याला चिकटलेली. भाद्रपदातला उकाडा खोलीत गच्च भरून उभा आहे. काय बदललंय ते आधी कळत नाही. मग मी वर बघतो.

पंखा थांबलाय.

वीज गेलेली नाही, टिल्लू बोलतोय. मी उठून बोर्डापाशी जातो. बटण चालू आहे. मी त्याला हात लावत नाही. पुन्हा येऊन सोफ्यावर बसतो, त्याच जागी, आणि घाम पुसायचंही सोडून त्या स्थिर पात्यांकडे बघत राहतो. "केला गं," मी म्हणतो. मोठ्याने म्हणतो. लिफ्टमधल्या बाई इथे नाहीत.

संध्याकाळी शैला डबा न्यायला येते. या घरात माणूस बसतो की पापड वाळतात, असं म्हणते, आणि मी नको नको म्हणत असताना वायरमनला फोन लावते. तो स्टुलावर चढतो, पंख्याचा वरचा वाटीसारखा भाग खाली सरकवतो, आत बोट घालतो.

"कपॅसिटर गेलाय," तो म्हणतो.