हंड्यांचा नंबर

नगरपालिकेसमोर आज रिकामे हंडे आंदोलनाला बसले होते. आमच्या आळीला नऊ दिवस पाणी नाही. मी पत्रकं छापून आणली होती, पण हवालदारांनी आधीच बजावलं, "रस्ता अडवलात तर सगळ्यांवर गुन्हा दाखल करीन."

"अडवतंय कोण, दादा? आम्ही नंबर लावतोय," शांतामावशी म्हणाल्या.

नळावर हंडा ठेवला, की बाई असो-नसो, तिचा नंबर पक्का. तोच कायदा त्यांनी इथे आणला. रस्त्याच्या कडेने हंड्यांची रांग लावून सगळ्याजणी कडुलिंबाखाली बसल्या. "आता हंड्यांना पकडा!" कुणीतरी ओरडलं. हवालदारही हसले.

रस्ता जाणाऱ्यांचा, तसाच थांबून काही मागणाऱ्यांचाही, हे मी आजवर पत्रकांतच वाचलं होतं. इथे तर हंडे बघून गाड्या आपणहून हळू होत होत्या.

तेवढ्यात वाऱ्याने प्लॅस्टिकची एक कळशी घरंगळत रस्त्याच्या मधोमध गेली. हवालदारांनी शिट्टी फुंकून दोन्हीकडची वाहनं थांबवली आणि कळशी उचलून आणली.

"कुणाचा नंबर होता हा?"

"माझा. दुसरा," मावशी म्हणाल्या.

हवालदारांनी ती बरोबर दुसऱ्या जागी ठेवली. दिवसभरात रस्ता अडला तो तेवढाच.