बारसं घरी आल्यावर

लातूरहून नांदेडला सायकलवर जायचं ठरलं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती, आणि कॉलेज सुटल्यापासून मी सायकलला हात लावला नव्हता. निमित्त एका वॉर्मरचं होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारं हे यंत्र नांदेडच्या एका दवाखान्याच्या नवजात कक्षात कमी पडत होतं. एकाच वॉर्मरवर दोन बाळं ठेवलेली आम्ही तिथे पाहिली होती, कारण सहा वर्षांपूर्वी आमची मुलगी त्याच कक्षात होती.

लातूरच्या सायकलवाल्या मित्रांनी योजना आखली. मी एका दिवसात नांदेड गाठायचं आणि लोकांनी त्या निमित्ताने पैसे द्यायचे. पैसे लवकर जमले. मी तीन महिने पहाटे सराव करत होतो, तोवर वॉर्मर कक्षात लागलंसुद्धा. राहिली होती फक्त पाटी.

आमच्याकडे देवळातल्या पंख्यापासून स्मशानातल्या बाकड्यापर्यंत, दिलेल्या वस्तूवर कुणाच्या तरी स्मरणार्थ असं लिहिलेलं असतं. दवाखान्यानेही नाव विचारलं. या सगळ्यात पत्नीची अट एकच होती: पाटीवर मुलीचं नाव हवं, ‘बेबी ऑफ’ नको.

मुलीच्या पायाला बांधलेल्या पट्टीवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे पत्नीचं नाव होतं. फाइलवर तेच आणि शेवटच्या दाखल्यावरही तेच. ती जवळपास तीन आठवडे जगली. बाराव्या दिवशी बारशाचा विषय निघाला, तेव्हा पत्नीच्या माहेरचे आणि आमच्याकडचे सगळे एकच बोलले: बारसं घरी आल्यावर. त्यात कुणाचं काही चुकलं असं तेव्हा वाटलं नाही. पाळणा नाही, बायका नाहीत, आणि कक्षात आईवडिलांशिवाय कुणाला प्रवेश नाही. नाव ठेवायचं आत्याने. अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, ते ठरवून ठेवलं होतं आणि रीतीप्रमाणे कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगी गेल्यावर ते कुणी विचारलं नाही.

अक्का लोह्याला असते आणि लोहा वाटेवरच आहे. तिच्याकडे जेवायला थांबायचं, नाव विचारायचं आणि नांदेडला पोचल्यावर सांगायचं, असं मी ठरवलं. फोनवर विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

निघालो तेव्हा नीट उजाडलं नव्हतं. चाकूरपर्यंत बरं गेलं. पुढे वारा समोरून आला आणि उसाचे ट्रॅक्टर जवळून गेले की सायकल हलायला लागली. अहमदपूरला शाल, श्रीफळ, फेटा आणि भाषण झालं. तिथल्या वार्ताहराने बातमीसाठी बाळाचं नाव विचारलं. नाव आल्याशिवाय बातमी सोडायची नाही, हे आमच्या पेपरच्या वार्ताहरांना मीच डेस्कवरून सांगत आलो आहे. संध्याकाळी कळवतो, म्हणालो.

लोह्यात पोचलो तेव्हा मांड्या थरथरत होत्या. अक्काने ओट्यावर पाणी ठेवलं होतं. भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी. मला वाळलेला बघून ती मेहुण्यांना म्हणाली, पेपरवाल्याला बातमी छापून भागत न्हाई, आता स्वतःच बातमी व्हायलाय. मेहुणे हसले. मग मी पाटीचं सांगितलं आणि नाव विचारलं.

अक्का वाढता वाढता थांबली. मेहुणे उठून बाहेर गेले.

“ते दिलं मी,” ती म्हणाली. “मुरुडच्या पोरीला.”

मुरुडला आमचा मोठा भाऊ असतो. आमच्यानंतर दोन वर्षांनी त्याला मुलगी झाली. त्या बारशालाही नाव ठेवायला अक्काच होती.

“पाळण्यावर वाकले आन् तेच तोंडातून गेलं. दुसरं काही नव्हतंच माझ्यापाशी.” ताटात भाकरी टाकून म्हणाली, “तुला कळलं असंल, असं वाटायचं मला.”

मला कळलं नव्हतं. चार वर्षं मी त्या मुलीला त्या नावाने हाक मारत होतो. तिला खांद्यावर घेऊन शेतात फिरवलं होतं, तिच्या वाढदिवसाच्या केकवर ते नाव लिहून घेतलं होतं. पत्नी त्या बारशाला आली नव्हती. त्या मुलीला ती आजही ‘मुरुडची’ म्हणते.

अक्का म्हणाली, दुसरं ठेवते, आत्ता ठेवते. मी नको म्हणालो. तिने येताना भाकरी न्यायला थांब असं सांगितलं. मी हो म्हणालो आणि निघालो.

लोहा ते नांदेड हा टप्पा सगळ्यात सोपा, असं मित्रांनी सांगितलं होतं. मला त्यातलं फारसं आठवत नाही.

दवाखान्यात हार होते, डॉक्टर होते, फोटो झाले. पत्नी रेडियमची अक्षरं कापणाऱ्या माणसाजवळ उभी होती. सांगितलं का अक्कांनी, तिने विचारलं. मी तिला बाजूला नेऊन नाव सांगितलं.

“मुरुडचीचं?”

“हो.”

जिवंत मुलीचं नाव स्मरणार्थ लिहीत नाहीत, हे तिला सांगावं लागलं नाही. रेडियमवाला घाई करत होता, त्याला दुकान बंद करायचं होतं. ती त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, “इथं तिला ज्या नावानं ओळखायचे, तेच लिहा.”

पाटीवर ‘बेबी ऑफ’ आहे आणि पुढे पत्नीचं नाव आहे. बातमीतही तेच गेलं.

परतताना सायकल दिवसभर माझ्यामागून आलेल्या जीपच्या टपावर बांधली होती. लोहा आलं तेव्हा दिवे लागले होते. अक्का ओट्यावर उभी होती, हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या होत्या. ड्रायव्हरला घर ठाऊक होतं. त्याने वेग कमी करून माझ्याकडे पाहिलं. मी पत्नीकडे पाहिलं. ती दुसऱ्या बाजूच्या काचेतून बाहेर बघत होती. मग त्याने गाडी पुढे काढली.